दारूमुळे नोकरीवर गदा आली आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चौदा वर्षांपूर्वी दारू सोडली. त्याआधी दोनदा निलंबित झालो होतो आणि तिसऱ्या वेळी नोकरी गेली. आता युनियनच्या वतीने कामगारांच्या चौकशीत बचाव प्रतिनिधी म्हणून बसतो. फोन येतात ते बहुतेक रात्री अकरानंतर, आणि निम्म्याहून जास्त बायकांचे असतात. तेच तेच विचारलं जातं म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. कायद्याचा भाग महाराष्ट्रातल्या नोकरदारांना धरून आहे. अपघात झाला असेल, कुणाला इजा झाली असेल किंवा पोलिसांत नोंद असेल, तर पुढचं काहीही करण्याआधी वकील गाठा.

१. दारूचं व्यसन हा आजार आहे ना? मग आजारी माणसाला कंपनी कशी काढू शकते?

हा आजार आहे हे खरं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तीत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. पण कंपनीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटी-शिस्तीच्या नियमांत (स्टँडिंग ऑर्डर), कामाच्या जागी दारूच्या नशेत असणं गैरवर्तनाच्या यादीत आहे, आणि तेही खरंच. कंपनी चार्जशीट देते ती पिऊन आल्याबद्दल, खाड्यांबद्दल, शिवीगाळीबद्दल. आजाराचं नाव त्यात कुठेच नसतं. त्यामुळे 'मी आजारी आहे' एवढं म्हटल्याने आरोप पुसला जात नाही.

शिक्षा ठरवताना मात्र आजाराचा विचार होतो. आधीची सेवा किती, याआधी मेमो किती, उपचार घेतले का, स्वतःहून गेला की ढकलून पाठवला, हे सगळं पाहिलं जातं. त्यात दाखल्यावरची तारीख फार बोलते. चार्जशीटनंतरचा दाखला साहेबांना पळवाट वाटतो. चार्जशीटच्या महिनाभर आधीच्या केसपेपरला तसं म्हणता येत नाही. मी बसलो त्या चौकशांत सगळ्यात जास्त फरक पडला तो या तारखेनेच. म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी प्रश्न ५ वाचा.

२. मी जास्त पितो हे मान्य, पण व्यसनी आहे असं मला वाटत नाही. हे कसं ठरवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. एकूण गुण ० ते ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे, वीस किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता बरीच आणि डॉक्टरांना दाखवणं भागच. कुठल्याही मानसोपचार ओपीडीत ती पाच मिनिटांत होते.

घरच्या घरी बघायचं असेल तर एवढंच बघा: सकाळी चहाचा कप उचलताना हात थरथरतो का, आणि थोडी घेतल्यावर ती थरथर थांबते का? थांबत असेल तर शरीराला दारूची सवय लागली आहे. मग 'मनावर घेतलं की सोडेन' हे गणित चालत नाही. अशा माणसाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

३. मी ड्युटीवर कधीच पीत नाही. रात्री घरी घेतली, झोपलो, सकाळी आंघोळ करून पहिल्या पाळीला गेलो, तरी गेटवर श्वास तपासणारं मशीन वाजलं. हा अन्याय नाही का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. अन्याय झाल्यासारखं वाटणं मी समजू शकतो, कारण विचारणारा खोटं बोलत नसतो. त्याला फक्त हिशेब माहीत नसतो.

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिली व्हिस्कीत, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५ किलोच्या पुरुषाने ती बऱ्यापैकी भरभर संपवली तर रक्तातलं प्रमाण १०० मिलीला १३० ते १४० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. यकृत ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरवतं. म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला नऊ तास. रात्री साडेअकराला ग्लास खाली ठेवला असेल तर सकाळी साडेसहाला गेटवर उभे असताना रक्तात अजून ३० च्या आसपास शिल्लक असते, आणि वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० चीच आहे. दोन क्वार्टर झाल्या असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी सुरू झाली तरी पूर्ण उतरलेली नसते. बायकांच्या शरीरात तेवढ्याच दारूने प्रमाण आणखी वर जातं.

अंघोळ, ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, इनो, उलटी, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. झोपेनेही नाही. बडीशेप आणि गुटख्याने वास झाकला जातो, मशीन नाही.

आता कायद्याकडे. कंपनीचा आक्षेप तुम्ही कुठे प्यायलात यावर नसतो, तुम्ही कोणत्या अवस्थेत आत आलात यावर असतो. तरीही तुमचं म्हणणं वाया जात नाही. 'आवारात दारू प्यायला' आणि 'श्वासात मद्यांश आढळला' हे दोन वेगळे आरोप आहेत. चार्जशीटमध्ये पहिला लिहिला असेल आणि पुरावा दुसऱ्याचाच असेल, तर ते उत्तरात स्पष्ट मांडा.

४. मशीन चुकू शकतं का? आणि मशीन न लावता नुसत्या वासावरून कारवाई करता येते का?

मशीन चुकू शकतं. अल्कोहोल असलेला माउथवॉश, खोकल्याचं काही औषध, होमिओपॅथीचे थेंब नुकतेच घेतले असतील तर तोंडातला अंश मशीन पकडतं. तो पंधरा-वीस मिनिटांत जातो. म्हणून तिथल्या तिथे, शांतपणे, चूळ भरून वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी करायला सांगा. दुसऱ्यांदाही आकडा आला आणि तुम्ही खरोखर घेतलेली नसेल, तर रक्ततपासणीची लेखी मागणी करा आणि मागणीची पोच घ्या. कंपनीने नकार दिला तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टला काही अर्थ उरत नाही.

वासाबद्दल बोलायचं तर १९७१ मध्ये बच्चूभाई हसनअली कार्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की रक्त किंवा लघवीची तपासणी नसताना तोंडाचा वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणं एवढ्यावरून मद्यपान सिद्ध झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. अनेक जण हा निकाल व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि निश्चिंत होतात. पण तो फौजदारी खटला होता. कंपनीच्या किंवा खात्याच्या चौकशीत तेवढा कडक पुरावा लागत नाही, 'तसं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. दोन साक्षीदार आणि सिक्युरिटीच्या रजिस्टरमधली नोंद यांवर आरोप सिद्ध झालेले मी पाहिले आहेत. निकाल जरूर जोडा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

५. अजून कुणाला कळलेलं नाही. साहेबांना स्वतःहून सांगावं का? सांगितलं तर उद्या तेच माझ्याविरुद्ध वापरतील.

ही भीती खोटी नाही. सांगितल्यावर ज्यांना बाजूला टाकलं असे लोक मला माहीत आहेत. तरीही माझं उत्तर 'आधी उपचार सुरू करा, मग सांगा' असंच आहे, आणि या क्रमानेच.

पहिलं पाऊल ओपीडीत. तुमच्या नावाचा, तारखेचा केसपेपर तयार होऊ द्या. जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत हे नाममात्र पैशांत होतं. सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ या दोन्ही मोफत आहेत.

दुसरं, कंपनीत कुणाला सांगायचं ते निवडा. कंपनीचे डॉक्टर किंवा वेल्फेअर ऑफिसर असतील तर आधी तिथे जा, लाइनच्या सुपरवायझरकडे सगळ्यात शेवटी. मोठ्या कंपन्यांत समुपदेशनाची सोय असते, बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नसतं. युनियन असेल तर कमिटी मेंबरला बरोबर न्या.

तिसरं, मागायचं काय ते ठरवून जा. 'साहेब, चुकलो, सांभाळून घ्या' याला साहेब काही करू शकत नाही. 'मी अमुक तारखेपासून उपचार सुरू केले आहेत, पस्तीस दिवस दाखल व्हावं लागेल, माझी इतकी रजा शिल्लक आहे, परत आल्यावर रोज मशीन लावा, माझी हरकत नाही' असं म्हटलंत तर त्याला वर पाठवायला काहीतरी मिळतं.

मी हे केलं नव्हतं. तीन वेळा कान धरले, तीन वेळा देवाची शपथ घेतली. एकदाही दवाखान्याचा कागद हातात नव्हता.

६. उपचारासाठी रजा कशी टाकू? दाखल्यावर 'दारू' लिहून आलं तर?

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं आणि कंपन्यांनी स्वतःहून पाठवलेले कामगारही तिथे येतात. इतर केंद्रांत मुदत कमी-जास्त असते. तेव्हा महिना-दीड महिन्याची सोय करावी लागेल हे धरून चला.

दाखल्यावर बहुधा एफ १०.२ असा कोड किंवा 'एडीएस' ही अक्षरं असतात. दोन्हींचा अर्थ मद्य अवलंबित्व. एचआरमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला ते कळतं. निदान गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे (२०१७ च्या कायद्याचं कलम २३) आणि तुमच्या संमतीशिवाय रुग्णालय कंपनीला माहिती देऊ शकत नाही. 'वैद्यकीय कारणास्तव दाखल, इतके दिवस विश्रांती आवश्यक' एवढंच लिहिलेला दाखला डॉक्टरांकडे मागता येतो. पण 'कावीळ' किंवा 'टायफॉइड' असा खोटा दाखला आणू नका. पिण्याबद्दल कदाचित समज देऊन सोडतील, बनावट दाखल्याबद्दल नाही. आणि प्रकरण आधीच कारवाईपर्यंत आलं असेल तर निदान लपवण्यात तोटाच आहे, तिथे ते नाव कागदावर असलेलंच बरं.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर ईएसआयच्याच डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या. पात्रता पूर्ण असल्यास आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी अर्जित रजा, अर्धवेतनी रजा आणि वैद्यकीय दाखल्यावर मिळणारी परावर्तित रजा यांचा शिल्लक हिशेब आस्थापना शाखेतून आधी काढून घ्यावा.

मेडिक्लेमवर अवलंबून राहू नका. दारूच्या व्यसनावरचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात.

७. शेवटची संधी दिली आहे. आजपासूनच पूर्ण बंद केली तर चालेल ना?

रोज पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नये. जीव जाऊ शकतो.

शेवटच्या पेगनंतर सहा तास ते दोन दिवस या काळात फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, घामाने भिजतो, ताप चढतो. आमच्या शॉपमधल्या एकाने सोमवारी साहेबांसमोर शपथ घेतली. मंगळवारी संध्याकाळी लेथसमोर उभा असतानाच त्याला फिट आली. हात मशीनच्या बाहेर होता म्हणून वाचला. सगळ्यांना वाटलं पिऊन आलाय. खरं तर त्या दिवशी त्याने वर्षात पहिल्यांदा थेंबही घेतला नव्हता.

दवाखान्यात हे पाच-सात दिवस गोळ्यांच्या आणि व्हिटॅमिन बी-१ च्या इंजेक्शनच्या आधाराने सुरक्षित जातात. शपथ घेतली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि पहिला आठवडा मशीन, वाहन, उंचावरचं काम यांपासून लांब राहा.

८. कारणे दाखवा नोटीस आली आहे. उत्तरात काय लिहू?

मुदत बघा आणि मुदतीत उत्तर द्या. काहीच न देणं सर्वात वाईट. वेळ कमी असेल तर 'संबंधित कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात व सात दिवसांची मुदतवाढ मिळावी' एवढा अर्ज तरी द्या आणि पोच घ्या.

आरोप खोटा असेल तर कबूल करू नका, कुणी कितीही 'लिहून दे, मिटवून टाकू' म्हटलं तरी. गेटवरच्या केबिनमध्ये घाईत लिहून घेतलेला तो चार ओळींचा माफीनामा पुढे चौकशीत पहिला पुरावा म्हणून येतो. तुम्ही नशेत होता असं म्हणणाऱ्यांनीच त्या अवस्थेत तुमची सही घेतली, हे मात्र उत्तरात जरूर लिहा.

आरोप खरा असेल, मशीनची नोंद असेल आणि इजा-नुकसान काही नसेल, तर मी साधारण असा मजकूर लिहून देतो:

'दि. … रोजी पहिल्या पाळीस प्रवेशद्वारावर झालेल्या तपासणीत माझ्या श्वासात मद्यांश आढळला. आदल्या रात्री मी घरी मद्यपान केले होते. आवारात किंवा कामाच्या वेळेत मी मद्यपान केलेले नाही, तसेच कोणाशीही गैरवर्तन केलेले नाही. मला मद्यपानाचा आजार असून दि. … पासून मी उपचार घेत आहे. केसपेपरची प्रत सोबत जोडली आहे. माझी … वर्षांची सेवा विचारात घेऊन उपचार पूर्ण करण्यासाठी रजा मंजूर व्हावी. परतल्यानंतर माझी नियमित तपासणी करण्यास माझी संमती आहे.'

यातली उपचाराची ओळ खरी असली तरच लिहा. 'मित्रांनी आग्रह केला', 'घरी भांडण झालं', 'लग्नाची वरात होती' हे लिहू नका. वाचणाऱ्याने ते शंभरदा वाचलेलं असतं.

९. निलंबित केलं आहे. या काळात पगार मिळतो का? दुसरीकडे काम करू का?

निर्वाहभत्ता मिळतो. स्थायी आदेश लागू असलेल्या आस्थापनेत पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के, आणि त्यानंतर चौकशी तुमच्यामुळे लांबलेली नसेल तर ७५ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच दर आहेत आणि चौकशी सर्वसाधारणपणे ९० दिवसांत संपवावी असं म्हटलं आहे. त्याचबरोबर संहितेने स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली आहे. लहान कारखान्यात असाल तर नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते काढून बघा.

दुसरीकडे कामाला लागू नका. भत्ता घेताना 'अन्यत्र नोकरी करत नाही' असं लिहून द्यावं लागतं. निलंबनाचे महिने रिकामे असतात, आणि रिकाम्या वेळेत दारू वाढते. माझ्या पहिल्या निलंबनात तेच झालं. दाखल होऊन उपचार घ्यायला यापेक्षा चांगला काळ मिळणार नाही.

१०. चौकशीला गेलो नाही तर काय होईल?

एकतर्फी होईल आणि आरोप सिद्ध धरले जातील. पडलेल्या चेहऱ्याने का होईना, प्रत्येक तारखेला जा. बचावासाठी सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी मागा, कागदपत्रांच्या प्रती मागा, साक्षीदारांना प्रश्न विचारा. आणि कोरडे जा. तारखेच्या दिवशी धीर यावा म्हणून 'थोडीशी' घेऊन आलेले तीन जण मी पाहिले, तिघांचीही नोकरी त्याच दिवशी गेली म्हणायची.

११. 'राजीनामा दे, नाहीतर बडतर्फ करतो' म्हणतात. काय करू? पीएफ, ग्रॅच्युइटी बुडेल का?

त्या खोलीत सही करू नका. 'उद्या कळवतो' एवढंच म्हणा आणि बाहेर या.

राजीनाम्याने अनुभवपत्र स्वच्छ राहतं, हा खरा फायदा आहे. पण सही केल्यावर 'दबाव टाकला होता' हे सिद्ध करणं फार अवघड जातं. आरोप कमकुवत असेल, किंवा सेवा पंधरा-वीस वर्षांची आणि आधीचे मेमो नसतील, तर मी लोकांना चौकशीला सामोरं जायला सांगतो.

पीएफ तुमचा आहे, बडतर्फीनेही कंपनीला तो अडवता येत नाही. ग्रॅच्युइटी (कायम कामगाराला पाच वर्षं सेवेनंतर) फक्त ठराविक कारणांनी जप्त होते: कंपनीचं नुकसान केलं असेल तर त्या रकमेपुरती, आणि दंगा, हिंसा किंवा कामाच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा यामुळे काढलं असेल तर अंशतः किंवा पूर्ण. नुसतं पिऊन येणं त्या यादीत नाही. पिऊन सुपरवायझरवर हात उचलला असेल तर मात्र आहे.

१२. मी सरकारी नोकर आहे. ऑफिसबाहेर, सुट्टीच्या दिवशी प्यायलो तरी कारवाई होते?

होऊ शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ खासगी नोकरीपेक्षा पुढे जातात. कर्तव्यावर असताना अंमलाखाली नसणं तर आहेच, शिवाय सार्वजनिक ठिकाणी नशेत न येणं, अति सेवन न करणं आणि त्या भागातला दारूबंदीचा कायदा पाळणंही त्यात येतं. वर्धा किंवा गडचिरोलीत नेमणूक असलेल्याने हे शेवटचं विशेष लक्षात घ्यावं. पोलीस कोठडीत ४८ तासांहून जास्त राहिलात तर निलंबन आपोआप लागू झाल्याचं मानलं जातं.

तुमच्या बाजूच्याही गोष्टी आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ३११ मुळे चौकशीशिवाय सहसा काढता येत नाही. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपलीकडे रेटू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलं आहे. शिक्षांमध्येही फरक असतो: 'बडतर्फ' झालेल्याला पुन्हा सरकारी नोकरी सहसा मिळत नाही, 'सेवेतून काढून टाकलेल्या'ला ती दारं बंद नसतात, आणि सक्तीच्या सेवानिवृत्तीत निवृत्तिवेतन वाचू शकतं. अपील फेटाळलं गेलं तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) एक वर्षाच्या आत जावं लागतं. खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांसाठी मार्ग वेगळा आहे, शाळा न्यायाधिकरण, आणि मुदत फक्त ३० दिवस.

१३. मी ड्रायव्हर आहे. एकदाच झालं, कुणाला लागलंही नाही. सूट मिळेल का?

चालकाला सूट सगळ्यात कमी मिळते. सर्वोच्च न्यायालयासमोर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या पीएसी या सशस्त्र पोलीस दलाच्या चालकाचं प्रकरण आलं होतं. कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी जवानांना घेऊन जाणारा ट्रक दारू पिऊन चालवला, जीपला धडक दिली, जीवितहानी नाही. न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की मोठा अपघात झाला नाही हे केवळ नशीब, त्यावरून दया दाखवता येणार नाही. पंचवीस वर्षांची सेवा आणि तोवर त्या चालकाचा झालेला मृत्यू लक्षात घेऊन बडतर्फीची सक्तीची सेवानिवृत्ती तेवढी केली.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ वेगळं लागतं: पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या दुचाकीवर पकडलं गेलात तरी परवाना जाऊ शकतो, आणि परवाना गेला की नोकरीचा आधारच जातो. चालकांना माझा सल्ला एकच असतो: उपचार पूर्ण होईपर्यंत स्वतःहून आगारात किंवा स्टोअरमध्ये पर्यायी काम लेखी मागा.

१४. मी कंत्राटी आहे / प्रोबेशनवर आहे / आयटीत आहे. मला चौकशी वगैरे मिळेल का?

कंत्राटी कामगाराला बहुतेकदा 'उद्यापासून येऊ नको' एवढंच ऐकायला मिळतं, हे कटू आहे पण तसंच आहे. केलेल्या दिवसांचा पगार आणि पीएफ मात्र ठेकेदाराला द्यावाच लागतो. प्रोबेशनवर असताना कामगिरीचं कारण देऊन साध्या पत्राने सेवा संपवता येते. पण पत्रातच दारूचा आरोप लिहिला असेल तर तो कलंक ठरतो आणि चौकशीशिवाय का लिहिला, हे विचारता येतं.

आयटीत दारूपेक्षा गायब होणं जास्त महागात पडतं. चार दिवस फोन बंद, मेलला उत्तर नाही, की 'ॲब्स्कॉन्डिंग' असा, म्हणजे न सांगता पळून गेल्याचा, शेरा बसतो आणि पुढच्या प्रत्येक बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये निघतो. कितीही वाईट अवस्था असली तरी घरच्या कुणाकडून 'वैद्यकीय कारणाने दाखल आहे' असा एक मेल पाठवा.

१५. माझे मिस्टर पिऊन पडलेले असतात आणि साहेबांना फोन मी करते, 'ताप आलाय' म्हणून. आता साहेबही ओळखतात. मी काय करू?

ताई, तो फोन बंद करा. तुम्ही नोकरी वाचवायला खोटं बोलता, पण त्यामुळे खाड्याचं ओझं त्यांच्यावर कधी येतच नाही. माझ्या बायकोने सहा वर्षं माझ्यासाठी ताप, जुलाब, चुलत सासऱ्याचं मयत असं सगळं सांगितलं. ज्या दिवशी तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि 'तुम्हीच बोला' म्हणाली, त्या दिवशी मला पहिल्यांदा घाम फुटला.

चहात, आमटीत दारू सोडवण्याची गोळी लपवून घालू नका. तिचं नाव डायसल्फिराम. ती पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. ती त्यांना सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

साहेबांना भेटायचंच असेल तर गयावया करायला जाऊ नका, प्रश्न ५ मधली मागणी घेऊन जा. स्वतःसाठी अल-अ‍ॅनॉनच्या (पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या) सभा आहेत, मुक्तांगणचा 'सहचरी' गटही बायकांसाठीच आहे. तिथे नवऱ्याने यावं लागत नाही, तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं.

१६. मी बाई आहे. ऑफिसमध्ये कळलं तर पुरुषांपेक्षा जास्त बोभाटा होईल. कुठे जाऊ?

होईल, हे खरं आहे. म्हणून बायका दहा-दहा वर्षं उशिरा येतात आणि तोवर यकृत बिघडलेलं असतं. मुक्तांगणचा 'निशिगंध' विभाग फक्त महिलांसाठी आहे. गोपनीयतेचा हक्क आणि दाखल्याचा मजकूर याबद्दल प्रश्न ६ मध्ये लिहिलंय, ते तुम्हालाही तसंच लागू आहे.

१७. उपचार घेऊन परत कामावर आलो, पाच महिने कोरडा होतो, आणि मागच्या आठवड्यात घसरलो. आता सगळं संपलं का?

नाही. ही घसरण पुष्कळांच्या वाट्याला येते, डॉक्टर तिला आजाराचाच भाग मानतात. पण कंपनीशी तुमचा काही लेखी करार झाला असेल, 'पुन्हा आढळल्यास कारवाई' असा, तर तो काढून वाचा. घसरलेल्या अवस्थेत कामावर जाऊ नका. त्या दिवशीची रजा टाका, त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करा आणि फॉलोअपच्या कार्डावर तारीख मारून घ्या. ते कार्ड पुढे उपयोगी पडतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) सभेत त्याच संध्याकाळी जाऊन 'घसरलो' असं म्हणणं फार जड जातं, मला माहीत आहे. माझ्या चौदा वर्षांच्या आधी अशा दोन संध्याकाळी आहेत.

१८. नव्या नोकरीच्या मुलाखतीत मधल्या आठ महिन्यांचं काय सांगू?

'आरोग्याच्या कारणाने खंड पडला, उपचार पूर्ण झाले, आता काम करायला पूर्ण सक्षम आहे.' बस्स. निदान सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पण फॉर्मवर 'यापूर्वी सेवेतून काढून टाकलं आहे का' असा रकाना असेल तर खोटं लिहू नका, नोकरी लागल्यावर तेवढ्या एका खोट्यावर ती जाऊ शकते. ज्या साहेबाने तुम्हाला चांगल्या दिवसांत पाहिलंय, त्याला आधी फोन करून 'तुमचं नाव संदर्भासाठी देऊ का' विचारा. तुम्ही सोडली आहे हे ऐकून आनंद होणारी माणसं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

१९. मी सोडली आहे, पण कंपनीच्याच वार्षिक पार्टीत दारू असते. साहेब स्वतः ग्लास पुढे करतात. नाही म्हटलं तर राग, घेतली तर उद्या मीच दारूडा.

पहिल्या वर्षी जाऊच नका. घरचं कार्य सांगा, बाहेरगावी जा. जाणं भागच असेल तर आल्याबरोबर स्वतः काउंटरवर जाऊन लिंबू-सोडा घ्या आणि तो ग्लास हातात भरलेला ठेवा. रिकामा हात दिसला की कुणीतरी भरायला येतंच. 'गोळ्या चालू आहेत' या वाक्यावर सहसा पुढचा प्रश्न येत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. जेवण सुरू झालं की पहिल्या पंक्तीला जेवा. निघायची गाडी आधीच ठरवून ठेवा आणि ज्याला तुमचं माहीत आहे अशा एकाला सांगून ठेवा की नऊ वाजता मला फोन कर. मी अजूनही असा फोन करतो, आता दुसऱ्यांसाठी.